गुरुदत्तपंतांची तमंचास्वारी आणि पॉसमचा तह

शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध दशमीस, आदितवारी, टेक्सास सुभ्यातील कसबे अर्विंग येथील राजश्री गुरुदत्तपंत, डेटाबेसाचे किल्लेदार, ग्रीनकार्डाची सनद नुकतीच पावलेले, यांनी तमंचा घेऊन जी स्वारी केली तिची हकीकत लिहावी, ऐसी कोणाची मागणी नव्हती. तरी येथील महाराष्ट्र मंडळात चार लोक चार प्रकारे बोलतात आणि पुढील पिढ्यांचा घोटाळा होतो, म्हणोन खरे ते लिहिले ऐसीजे.

मोहिमेचे कारण ऐसे. श्रावणमासी एके दिवशी दिवेलागणीस पंतांचे गराजात खडबड जाहली. पंतांनी तात्काळ ओळखिले की गनीम शिरला, आणि फौजेचे दोन भाग केले. कुटुंब मृणालिनीबाई यांस झाडू देऊन आघाडीस पाठविले, आणि खासे स्वारीने बाथरुमात मोर्चा धरोन आतून कडी घातली. मग पोलिसांची कुमक मागवावी म्हणोन नऊ-एक-एक दाबिले, ते लागेना. तीन वेळा दाबिले तरी लागेना. कारण हाती फोन नसोन टीव्हीचा रिमोट होता. इकडे बाईंनी गराजात पाहिले तो पॉसम नामे जनावर, मांजराएवढे, तोंड उंदराचे, कांद्यांची टोपली हुंगीत बसले होते. बाई त्यास म्हणाल्या, “चल रे, नीघ इथून,” आणि ते मुकाट्याने निघोन गेले.

युद्ध तेथेच संपले, परंतु बदनामीस तेथोन आरंभ जाहला. बाईंनी ही कथा पहिल्या पॉटलकास, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पंगतीस, सांगितली ती चार मिनिटांची होती. सातव्यास वीस मिनिटांची जाहली, आणि तीत पंतांनी बाथरुमातून रिमोट दाबिला तेव्हा दिवाणखान्यात चॅनेल बदलत होते, हेही कलम दाखल जाहले. कन्या रीमा, वय बारा, हिने “इट्स ओके डॅड, एव्हरीबडी गेट्स स्केअर्ड,” ऐसे बापाचे सांत्वन केले. लोकांचे हसणे पंतांनी सोसिले होते; हे सांत्वन सोसवेना. तशात खबर आली की मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे सूत्रसंचालन बाईंकडे नामजाद जाहले असोन पॉसमाची कथा मध्यंतराआधी, माइकवर, अडीचशे माणसांपुढे व्हावयाची आहे. पंतांची झोप उडाली.

मग पंतांनी कचेरीत शेजारच्या क्युबिकलातील यतीनराव यांसी खलबत केले. यतीनराव टेक्सासात दहा वर्षे मुरलेले, कातडी बूट बाळगणारे, सबब शस्त्रविद्येत जाणकार समजले जात. त्यांनी मसलत दिली की, “यार गुरू, एक छोटं पिस्तूल घे. काँपॅक्ट. खिशात मावतं, कोणाला दिसत नाही. शर्टाखाली ते असलं ना, की चालच बदलते माणसाची.” पंतांनी कागदपत्र भरिले, सरकारी दफ्तराची चौकशी पार पडली, आणि तळहाताएवढा काळा तमंचा घरी दाखल जाहला. लपवोन बाळगण्याचा सरकारी परवाना अद्याप यावयाचा होता. परंतु पंतांनी तमंचा आठ दिवस बाईंपासोन लपवोन बाळगिला, ते परवान्याखेरीज.

नवव्या दिवशी खंडेनवमी आली. बाई शस्त्रपूजेस ड्रिल मशीन काढावयास गेल्या आणि ड्रिलच्या पेटीत तमंचा निघाला. पंतांस वाटले, आता प्रलय. बाईंनी प्रलय केला नाही. तमंचा चिमटीत धरोन, फिरवोन पाहोन म्हणाल्या, “आणलंयस तर पूजेला ठेव. एवढा छोटा? मला वाटलं प्रिंटरचा पार्ट आहे.” पंतांनी तो दोनदा रिकामा असल्याचे पाहोन लॅपटॉपाच्या उजवीकडे मांडिला, आणि हळदकुंकू, झेंडू, अक्षता ऐसी यथासांग पूजा जाहली. आरतीनंतर बाईंनी तहाची कलमे सांगितली, ती अशी: उदईक दसरा, सीमोल्लंघन नेमबाजीच्या रेंजवर करावे, सात यार्डांवरोन दहा गोळ्या झाडाव्या, पैकी सहा निशाणाच्या कागदी माणसाचे अंगास लागल्या तर पॉसमाची कथा आपण यावज्जन्म कोणास सांगणार नाही, न लागल्या तर तमंचा दुकानास परत, आणि कथा माइकवर. पंतांनी कबूल केले. साक्षीस यतीनराव.

दशमीस दोन प्रहरी लष्कराने हायवेने कूच केले. रेंजची ठाणेदारीण वॉन्डाबाई, वय साठीपार, रुपेरी वेणी, कमरेस मोठे पिस्तूल. ती सर्वांस हनी म्हणे आणि सर्व तीस मॅम म्हणत. तिने हुकूम फर्माविला की नळी सदैव कागदाकडे, बोट चापाबाहेर, आणि कानावरील टोपण काढील त्यास हाकलोन देण्यात येईल. मृणालिनीबाई काचेपलीकडे बाकावर थर्मास घेऊन बसल्या. वॉन्डाबाईंनी त्यांसही मोहिमेचे आमंत्रण केले; बाई म्हणाल्या, “नो थँक यू, मला झाडू पुरतो.” वॉन्डाबाईंस अर्थ लागला नाही, परंतु माणूस कळले.

आता तमंचाचे गुण लिहितो. दुकानात तो लहान दिसला म्हणोन पंतांनी सोपा मानिला. ती पहिली चूक. मॅगझिनात गोळ्या भरिता भरिता अंगठा सोलोन निघाला. वरील सरक मागे ओढिता पंतांचे दात दिसले, सरक हलली नाही. तिसऱ्या ओढीस हलली. मूठ इतकी आखूड की तीन बोटे जेमतेम मावली आणि करंगळी हवेत राहिली, जैसी बशीतून चहा पिणाऱ्याची राहते. नेम धरावयाची खूण तांदळाएवढी. मग पंतांनी देवाचे नाव घेऊन डोळे मिटिले आणि चाप ओढिला. चाप ओढीत गेला, ओढीत गेला, पंतांस वाटले बिघडला. आणि तितक्यात तो बोलला. आवाज कानास नव्हे, छातीस लागला. तमंचा हातात ऐसा उसळला जैसा जिवंत मासा. कागदावर भोक नव्हते. शेजारच्या मोर्चावरील वृद्ध टेक्सन गृहस्थाने आपला कागद ओढोन भोके मोजिली, पुन्हा मोजिली, आणि पंतांकडे एकवार पाहिले.

दुसरी गोळी जमिनीस अर्पण जाहली. तिसरीचे वेळी तमंचा उघड्या तोंडाने अडकला. वॉन्डाबाईंनी तो घेतला, रिकामा केला, उघडिला, आणि सुईने एक पिवळा दाणा बाहेर काढिला.

“हनी, व्हॉट इज धिस?”

“राइस, मॅम.”

“कुक्ड?”

“नो मॅम. होली.”

वॉन्डाबाईंनी विचार केला आणि सांगितले की, तीस वर्षांत आपण यातून वाळू काढिली, खिशातील कापूस काढिला, एकदा खोकल्याची गोळी काढिली, तांदूळ प्रथमच. मग ब्रशाने कुंकू साफ करिता करिता यतीनरावांस पुसिले की हे तुमचे मित्र आहेत काय. यतीनराव आपले बूट पाहात राहिले.

आठ गोळ्या उरल्या आणि सहा लागावयाच्या. पंतांचा घाम कोपरापर्यंत आला. वॉन्डाबाईंनी मागे उभे राहोन आज्ञा केली की डोळे उघड, दोन्ही. करंगळी खाली दुमड. धक्का यावयाचाच आहे, त्याची वाट पाहू नकोस. तिसरी गोळी कागदी गनिमाच्या खांद्यास लागली. चौथी कानास. पाचवी कोठे गेली ते अद्याप उमगले नाही. सहावी, सातवी, आठवी ओळीने पोटास लागल्या आणि काचेपलीकडे थर्मासाचे झाकण हवेत थांबले. नववीचे वेळी तापलेले पितळी टरफल उडोन पंतांचे कॉलरात शिरले; गोळी छताकडे गेली आणि पंत नाचू लागणार, तोच वॉन्डाबाईंनी मनगट कागदाकडे रोखोन धरिले, आणि पंत कमरेखाली मात्र नाचले.

पाच लागल्या, एक उरली. तेव्हा हातातील ती इवली वस्तू पंतांस अकस्मात जड वाटली, आणि मनात आले की, त्या सांजेस गराजात खरोखर चोर असता, त्याचे हाती ऐसेच काही असते, तर झाडू घेऊन पुढे कोण होते. ही ओळ लिहू नये ऐशी पंतांची ताकीद होती. मग पंतांनी दोन्ही डोळे उघडे ठेवोन चाप ओढिला. कागद आला. भोक कमरेच्या रेषेवर, अर्धे आत, अर्धे बाहेर. यतीनराव म्हणाले आत. वृद्ध गृहस्थ म्हणाले बाहेर. मृणालिनीबाईंनी कागद उजेडासमोर धरिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, “लागली.”

तह अमलात आला. दिवाळी कार्यक्रमात मध्यंतराआधी सभागृहातून आरोळी उठली, “वहिनी, पॉसम.” बाईंनी माइकवर सांगितले की, तहाने आपणांस बोलण्याची मनाई आहे. पंत पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मग कोणी पुसिले, मनाई का. आणि यतीनरावांनी मित्राचा मान वाढवावा म्हणोन सांगितले की गुरूने आता पिस्तूल घेतलंय. तेथोन बोभाटा पसरला. तिसऱ्या रांगेत पॉसम मेला, सातव्या रांगेत पॉसमीण मेली, आणि शेवटच्या रांगेत पोहोचेतो तिचे पाठीवर आठ पिल्ले होती. सुवर्णाकाकू, वय सत्तर, एकादशीस मुंगीसही साखर घालणाऱ्या, उठोन पंतांजवळ आल्या आणि म्हणाल्या, “बाळंतीण होती रे ती.”

पंतांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी खांदे उडविले. तह म्हणजे तह. मग पंत जागचे उठले, व्यासपीठ चढोन माइक घेतला, आणि स्वमुखे सर्व सांगितले: गराज, झाडू, बाथरुमाची कडी, रिमोट. बावीस मिनिटे लागली. चॅनेलाचे कलम आले तेव्हा सुवर्णाकाकूंनी डोळे पुसिले, आणि रीमा टेबलावर हात आपटोन हसत होती.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सहा गोळ्या लागल्या, तहाचे एक कलमही कोणी मोडिले नाही, आणि हिवाळा सरेपावेतो कथा सांगण्याची आमंत्रणे पंतांस आली. या लिखाणात काही उणेअधिक जाहले असेल तर मृणालिनीबाईंस पुसोन दुरुस्त करावे. परंतु त्यांस बोलण्याची मनाई आहे.