मागच्या चाकाचा मान

"हारला त्यानं पोळ्याला झूल पांघरायची," काकासाहेब म्हणाले. "गळ्यात घागरमाळ घालायची, अन् बैलांच्या रांगीत तोरणाखाली उभं ऱ्हायचं. बोल, हाय कबूल?"

अप्पाराव अंगणात नव्या इलेक्ट्रिक गाडीचा आरसा पुसत होते. आरसा कधीचाच लख्ख झाला होता, पण गाडी नवी असली की हात थांबत नाही.

"कबूल," ते म्हणाले. "तुला झूल कोणत्या रंगाची पाहिजे ते आधीच सांगून ठिव."

वाद चाकांचा होता. अप्पारावांनी घेतलेली गाडी मागच्या चाकांवर चालायची. मोटर एकच, ती मागची दोन चाकं फिरवणार, पुढची दोन नुसती वळणार. भिंतीला भिंत लागून राहणारे काकासाहेब केदारखेड्यातले भुसाराचे व्यापारी. त्यांनाही तीच गाडी घ्यायची होती, पण दोन मोटरांची, चारही चाकं ओढणारी. अप्पारावांकडे जेवढं आहे तेवढंच आपल्याकडे असणं हे काकासाहेबांच्या तब्येतीला मानवत नसे.

"अरे, तुझी मागची दोन चाकं राबून राह्यली, अन् पुढची दोन जावयावानी नुसती संगं फिरून राह्यली," काकासाहेब म्हणाले. "काळ्या रानात अशी गाडी म्हंजे बिलकुल बसकी म्हैस."

"अन् तुमचा ट्रॅक्टर कशावर चालतो, भाऊजी?" दारातून आवाज आला. अप्पारावांची बायको नंदाबाई उंबऱ्यात उभी होती. गाडी अप्पारावांच्या नावावर असली तरी चावी नंदाबाईच्या कमरेला असायची. लग्न होऊन आली तेव्हापासून घरचा ट्रॅक्टर तीच हाकत आली होती. अप्पाराव डांबरीवर चालवायचे, तेही समोर कुणी नसेल तर.

"वैनी, ट्रॅक्टरची गोष्ट अलग. त्याला अक्कल नसती."

"मंग तुमच्या अक्कलवाल्या चार चाकांची परीक्षाच घ्या की. दोन्ही गाड्या पांदीच्या कच्च्या वाटेनं तुमच्या मळ्यापोहोत न्यायच्या. जी रुतली ती हारली."

"अन् दोन्ही पोचल्या तर?"

"तर झूल बैलच पांघरतील. त्यांचाच सण हाय."

पैज लागली. घरी आल्यावर काकासाहेबांना दुसरी पैज लावावी लागली, कारण कौसल्याबाईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं.

"मला मागच्या चाकाचीच गाडी पाहिजे," त्या म्हणाल्या. "एका चार्जिंगवर जास्त पळती. अंबडला माहेरी जाऊन वापस यायचं तर मधी कुठं चार्जिंगला खुट्टी मारून बसायचं काम न्हाई. चार चाकं तुमाला दुनियेला दाखवायला पाहिजेत."

"तुला काय समजतं त्यातलं?"

"ठीक हाय. हारलात तर गाडी मी म्हणन ती. अन् अंबडला मला तुमी सोडायचं न्हाई, मी चालवत जाईन."

"मंजूर!" काकासाहेब म्हणाले. हरायचा त्यांचा विचारच नव्हता.

अडचण एकच होती. पावसानं चांगली उघडीप दिली होती आणि पांदी सुकून खणखणीत झाली होती. अशा रस्त्यानं बैलगाडी काय, नवरीची पालखीसुद्धा गेली असती. दोन्ही गाड्या पोचणार आणि पैज फुसकी होणार. आता, ज्या माणसानं एका वरातीत बँडवाल्यांना फितवून नवरदेव चुकीच्या गावात नेला होता, तो माणूस अशा वेळी हात जोडून बसेल का?

पैजेच्या आदल्या दिवशी दुपारी गाव जेवायला बसलं, तीन फेजची लाइट आली, आणि काकासाहेबांनी विहिरीवरची मोटर चालू करून पाइपाचं तोंड पांदीतल्या खोलगट जागेकडं वळवलं. काळी माती पाणी पिते तशी ती प्याली, फुगली, आणि वरून साळसूद चेहरा करून बसली. चार चाकांना एवढा चिखल म्हणजे शिरा, असा काकासाहेबांचा हिशोब. दोन चाकांचं मात्र तेरावं.

संध्याकाळी नंदाबाई दुकानात आली.

"भाऊजी, थोडा बारदाना द्या की. मूग भरायचाय. पिलास्टिकचा नको, तागाचीच पोती द्या."

काकासाहेबांचं मन भरून आलं. जिच्या नवऱ्याला आपण उद्या बैल करणार, तिला रिकाम्या पोत्यांना नाही म्हणणं माणुसकीला धरून नव्हतं. त्यांनी अख्खा गठ्ठा उचलून दिला. प्रत्येक पोत्यावर लाल शाईत त्यांचंच नाव छापलेलं होतं.

"घ्या वैनी. वापस करायची घाई करू नका."

"न्हाई हो," नंदाबाई म्हणाली. "तुमचं नाव मी मातीत जाऊ देईन का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव पांदीच्या बांधावर जमलं. जालन्याच्या शोरूमचे राधेश्याम नावाचे गृहस्थ चार चाकांची गाडी ट्रायलला घेऊन आले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकाकते बूट. पांदी बघून ते दोन पावलं मागं सरले.

"साहेब, ही गाडी रोडसाठी आहे."

"रोडच हाय," काकासाहेब म्हणाले. "जरा आंघोळ करून आलाय, इतकंच."

मग त्यांनी नंदाबाईला वाकून वाट दिली. "लेडीज फस्ट!"

नंदाबाई चिखलाच्या अलीकडे थांबली. खाली उतरली, चपला काढल्या, पदर खोचला आणि बांधाच्या कडेकडेनं चार पावलं आत जाऊन पायानं काहीतरी चाचपून आली. परत बसली. गाडी निघाली ती आवाजच नाही. इंजिनाचा घरघराट नाही, चाकाची फडफड नाही. डाव्या बांधाला अंग घासत, तेल लावलेल्या केसांतून फणी जावी तशी ती गाडी त्या राबडीतून गेली. कुठं दाबलं नाही, कुठं सोडलं नाही. पाय असा हलका, की खाली जणू तान्हं लेकरू निजलं होतं. पलीकडच्या कोरड्या जमिनीवर गाडी चढली आणि मळ्याच्या आंब्याखाली जाऊन उभी राहिली.

बांधावर शिट्ट्या झाल्या. काकासाहेबांचं तोंड उघडं पडलं. पैज विसरून त्यांच्या तोंडून "वा!" निघून गेलं, ते कौसल्याबाईंनी नेमकं ऐकलं.

पण अजून बरोबरी हातात होती. ते ऐटीत स्टिअरिंगवर बसले. शेजारी राधेश्याम, मांडीवर रुमाल पसरून.

"साहेब, डाव्या बाजूनं घ्या. बाई गेल्या तशाच."

"दोन चाकांच्या मागं चार चाकांनी जायचं? मंग आपला मान काय राह्यला?" असं म्हणून काकासाहेबांनी गाडी मधोमध घातली आणि पाय पार खालपर्यंत दाबला.

गाडीच्या प्रामाणिकपणाला तोड नव्हती. चारही चाकं एकाच वेळी, एकाच ताकदीनं फिरली आणि प्रत्येकानं आपापल्या जागी एकेक खड्डा खणला. दोन चाकांची असती तर दोनच खणले असते. चिखलाचे फवारे बांधावर गेले. अप्पारावांच्या टोपीला रंग चढला. गाडी पोट टेकवून शांत बसली, रवंथ करायला म्हैस बसावी तशी.

"बघा साहेब, चारी चाकं चालू आहेत," राधेश्याम काचेतून बघत म्हणाले. "गाडीत काही खराबी नाही."

"खराबी गाडीत न्हाई बाबा," काकासाहेब म्हणाले. "उतर, अन् बूट हातात घे."

नंदाबाईनं घरून ट्रॅक्टर आणला. कोरड्या जमिनीवर उभा करून साखळी जोडली आणि गाडी अलगद बाहेर ओढली. ट्रॅक्टर अर्थातच मागच्या चाकांवर चालणारा होता, आणि ही गोष्ट बांधावरच्या प्रत्येकानं काकासाहेबांना वेगवेगळी समजावून सांगितली.

कपडे झटकत काकासाहेब आंब्याखाली आले. नंदाबाईच्या गाडीच्या मागच्या चाकात काहीतरी अडकून लोंबत होतं. ते वाकले. ओढलं. तागाचं पोतं. वरची माती पुसली तशी लाल अक्षरं वर आली, आणि त्यांनी स्वतःचंच नाव वाचलं.

"वैनी... हे काय?"

"बारदाना. मूग भरायच्या आधी म्हन्लं खड्डा भरून घ्यावा. राती डाव्या अंगानं सगळी अंथरलीत."

"ही फसवणूक हाय! पांदीत चिखल असल हे तुमाला आधी कसं माहीत?"

"म्हंजे चिखल असणार व्हता?" नंदाबाईनं डोळे मोठे केले. "इतक्या दिसाची उघडीप, भाऊजी. मंग पाणी आलं कुठून?"

काकासाहेब हातातलं पोतं झटकायला लागले. बोललं तर पैज जाणार होतीच, वर अब्रूही जाणार होती.

"भर श्रावणात तुमच्या विहिरीची मोटर वाजली," नंदाबाई हळूच म्हणाली. "कौसल्याबाई म्हन्ल्या, आमच्या ह्यांना पांदीत ऊस लावायचा इचार दिसतोय."

काकासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. कौसल्याबाई आंब्याच्या झाडाला यंदा मोहोर कसा येईल ते बघत होत्या.

राग काकासाहेबांच्या घशापर्यंत आला आणि तिथंच त्याला गुदगुल्या झाल्या. ते हसायला लागले. जन्मभर त्यांनी गावाला फिरवलं होतं. आज कुणीतरी त्यांना त्यांच्याच पोत्यात भरून शिवलं होतं, आणि शिवण अशी की टाका दिसत नव्हता. बरं, पोती असली तरी त्यांच्यावरून गाडी न्यायला तसे हलके पाय लागतात. ते पाय आपले नव्हेत, हे त्यांना मधोमध बसल्यावर कळलं होतं.

"मानलं वैनी," ते म्हणाले. "तुमच्यापुढं आपण बिलकुल कच्चं मडकं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले असताना नंदाबाई वाटीत लोणी-हळद घेऊन आली. बैलांचे खांदे मळून त्यांना आमंत्रण द्यायची ती वेळ. तिनं काकासाहेबांच्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांवर, दोन बोटं ओढली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"येतो," काकासाहेब गंभीरपणे म्हणाले. "पुरणपोळी जास्ती करा. बैल मोठा हाय."

पोळ्याला गाव तोरणाखाली लोटलं. शिंगं रंगवलेले, गोंडे बांधलेले बैल रांगेत उभे, आणि त्यांच्या मधोमध निळी झूल पांघरून, घागरमाळ घालून, कपाळाला बाशिंग बांधून काकासाहेब. लोकांनी मोबाइल काढले. रडतील, लाजतील, पळतील, अशी लोकांची अपेक्षा. पण काकासाहेब डुलत होते. मध्येच मान हलवून घागरमाळ वाजवत होते. शेजारचा खरा बैल त्यांच्याकडं बघून बिचकला, तर त्यांनी त्याला "घाबरू नको, नवीन भरती हाय" असं सांगितलं.

"अप्पा!" ते एकदम ओरडले. "एकटा बैल कधी रांगीत असतो का? जोडी बराबर पाहिजे!"

अप्पाराव गर्दीत मागं सरकायला लागले, पण नंदाबाईनंच त्यांना पाठीत हात घालून पुढं ढकललं. गावानं कल्ला केला. अर्धी झूल अप्पारावांच्या अंगावर गेली.

"अरे, मी तर पैज जिंकलोय!" अप्पाराव म्हणाले.

"तू जिंकला?" काकासाहेब म्हणाले. "तू गाडीत तरी व्हता का?"

अप्पारावांनी झुलीचं टोक खांद्यावर नीट ओढून घेतलं. डफडी वाजली, तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल निघाले. काकासाहेबांच्या कमरेला बांधलेला कासरा धरून कौसल्याबाई मागून चालत होत्या, दुसऱ्या हातात नव्या गाडीच्या बुकिंगची पावती.

"काय काकासाहेब," पारावरून कुणीतरी हाक मारली. "मंग कोणती गाडी ठरली? चार चाकांची का मागच्या?"

काकासाहेबांनी बाशिंग सावरलं आणि अंगठ्यानं पाठीमागं खूण केली.

"दिसून राह्यलं न्हाई का? पुढचं नुसतं वळतंय. जोर सगळा मागं हाय."

मागून कासऱ्याला हलकाच झटका बसला.

"बोलू नका," कौसल्याबाई म्हणाल्या. "नंदाबाईचं घर डाव्या हाताला हाय. वळा."

काकासाहेब वळले.