एका डोळ्याची प्रार्थना

मार्थाताई आपल्या पोरांना तोंडावर कधीच रागावल्या नाहीत. त्यांची तक्रार त्या थेट देवाकडे करत. आणि तीही पोरं समोर हात जोडून, डोळे मिटून बसलेली असताना.

लग्न होऊन मी नागपुरात या गल्लीत आले, तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर आणि त्यांची बैठक यांच्यात एकच भिंत आहे. जेवणाआधी पलीकडे कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली की मी कुकर खाली उतरवून ठेवी. शिट्टीत एखादं वाक्य बुडायला नको! मला वाटे, आपण केवढ्या भक्तिभावानं ऐकतो. कसला भक्तिभाव! एवढं चटकदार तेव्हा रेडिओवरही नसे.

"हे देवबापा, तुले तं सारं दिसते," मार्थाताई सुरुवात करत. "आज आशिषनं शाळेतून येताना लोकाइच्या झाडाच्या कैऱ्या तोडल्या, हेबी दिसलंच असन. त्याले विचार, काहून तोडल्या म्हणून." मग जरा थांबत. देवाला विचारायला वेळ नको? "आन रूथले सांग, आरशात पाहून पाहून गणितं सुटत नाहीत. आमेन!"

पोरांची पंचाईत अशी, की आईला उलटून बोलता येतं, प्रार्थनेला कसं बोलणार? कोणाची पापणी हलली की त्याच सुरात, "प्रभू, आशिषचे डोळे मीट." मिटल्या डोळ्यांनी आईला हे दिसतं कसं, याचा पोरांना मोठा अचंबा. मी एकदा वाटीभर साखर मागायला गेले आणि दारातच थबकले. मार्थाताईंचा एक डोळा गच्च मिटलेला होता आणि दुसरा टक्क उघडा, पोरांवरून पहारेकऱ्यासारखा फिरत होता. मला पाहूनही प्रार्थना अडली नाही. "आन प्रभू, जे दारात उभे आहेत, त्याइलेबी खाली बसाची बुद्धी दे." मी मुकाट बसले. साखर मागायचं राहूनच गेलं.

ही पद्धत मला इतकी पसंत पडली की मी ती घरी आणली. वय विशीचं, अक्कल त्याहून धाकटी. सासूबाईंसमोर बसून डोळे मिटले नि म्हटलं, "प्रभू, भाजीत मीठ जास्त झालं म्हणणाऱ्यांच्या जिभेला तू समज दे." मी आमेन म्हणायच्या आत सासूबाईंनी पुढची प्रार्थना धरली, "आन प्रभू, आमच्या सुनेले तोंड देलं तसे हातबी दे." सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाले ते सासरे. माझी देवाच्या दरबारातली वकिली तिथेच आटोपली.

मार्थाताईंची मात्र चालत राहिली. राग देवामार्फत, तसे लाडही देवामार्फतच. रूथचा पहिला नंबर आला तर त्यांनी आभार मानले देवाचे. पोरगी बिचारी डोळे मिटून आपली शाबासकी दुसऱ्याच्या पदरात पडताना ऐकत बसली. आशिष तापानं फणफणला तर हात त्याच्या कपाळावर, आणि बोलणं वर आढ्याकडे. लेकराशी सरळ बोलणं त्या बाईला ठाऊकच नव्हतं.

कॉलेजात गेल्यावर आशिषनं प्रार्थनेला बसणं सोडलं, मग चर्चही. मी मोठ्या शहाणपणानं विचारायला गेले, "काहून रे बापू, देवावर राग आहे का?"

"राग कायचा, मावशी! आमच्या घरात देव पहिलेपासून आईच्या पार्टीचा. माह्याकडून तो एक डावबी बोलला नाही."

मी खो खो हसले. तेव्हा मला कशावरही हसू येई. आता त्या वाक्यावर येत नाही.

मार्थाताईंचे यजमान गेले, रूथ लग्न होऊन रायपूरला गेली. आशिष काही अमेरिकेत नाही हो, बुटीबोरीत आहे. जेवून निघाला तर चहाला इथे पोचेल. पण येत नाही. शनिवारी संध्याकाळी फोन करतो, तोंड दिसतं तो. मार्थाताई मोबाइल तांब्याला टेकवून उभा करतात, पदर डोक्यावर घेतात. 'कसा आहेस' नाही, 'जेवला का' नाही. सरळ, "हे देवबापा."

परवा नाताळच्या करंज्या करायला मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा असाच फोन आला.

"हे देवबापा, या नाताळात आशिषले सुट्टी दे. त्याच्या बायकोले, लेकराले घेऊन त्याले घरी आण."

मी सवयीनं एक डोळा उघडला. वात्रटपणा काय, मेल्यावरच जाईल. पडद्यावर आशिष नव्हता. फोन तिकडे कुठेतरी उताणा ठेवून तो निघून गेला होता. दिसत होता छताचा पंखा, तोही बंद. मागे टीव्ही चालला होता. आणि मार्थाताई त्या पंख्याला सांगत होत्या, की नातवासाठी स्वेटर विणून झालं आहे.

प्रार्थना संपली. पलीकडून आमेन आलं नाही. मग मीच म्हटलं, होईल तेवढ्या जाड आवाजात. मार्थाताईंनी चाचपडत फोन पालथा घातला.

"वं सुशीला," त्या पारी हातात घेत म्हणाल्या, "आशिषचा आवाज एवढा बसका नाही आहे."

मी चाटच पडले. "म्हणजे तुम्हाले माहीत आहे? मंग सरळ म्हणा ना त्याले, बापू, ये, तुही आठवण येते. देवाले काहून मधात घालता?"

"आन तो नाही म्हणाला तं?" त्या सारण भरत राहिल्या. "देव बिचारा अजून तोंडावर 'नाही' म्हणाला नाही."

मी थट्टा करायला गेले, "पण तुम्हाले दिसलं कसं? आज तं दोन्ही डोळे गच्च मिटले होते. पहिले एक उघडा राहे."

"उघडला होता वं एक डाव. पंखा दिसला." त्यांनी करंजीची कड बोटांनी दाबली. "तवापासून दोन्ही मिटूनच ठेवतो. तू नीट मुरड घाल, गप्पा नको मारू. आशिषले फुटकी करंजी चालत नाही."