जुन्या चाकाला नवा खटका

"शिदूभाऊ, तुम्ही मागून चालत या," सायकलवर टांग टाकत दिगंबररावांनी जाहीर केलं. "तुम्ही वाडीवर पोचाल तेव्हा वासरू गाईला पीत असेल!"

दिगंबरराव वडगावला जनावरांचे डॉक्टर. शिदू आंदर मावळातून उजाडता उजाडता त्यांच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याची एकुलती एक गाय अडली होती. ती गेली तर पोरांचं दूध गेलं आणि पुढचा बैलही गेला. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दिगंबरराव चहाही न घेता निघाले.

सायकलवर मात्र त्यांचा फार भरवसा. लोणावळ्याचा बंगला विकून विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली ही जुनी सायकल; मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, तीन गिअर. दांडीवरचा गिअर बदलायचा मूळ खटका मोडला, तेव्हा त्यांनी पुण्याहून नव्या पद्धतीचा, हँडलवर बसणारा चकचकीत खटका आणला. सायकलवाला नथू म्हणाला होता, "साहेब, हा तार कमी ओढतो. जुन्या हबला पुरायचा नाही."

"नथू, मी पुस्तक वाचून बसवतोय."

पुस्तक वाचलं होतं हे खरं. ते दुसऱ्याच सायकलचं होतं, एवढंच.

सपाटीवर सायकल झक्क पळाली. टाकवे मागे पडलं आणि चढ लागला. दिगंबररावांनी ऐटीत खटका मारला. पॅडल गर्रकन फिरलं, चाक जागचं हललं नाही. दुसरा खटका मारला. तेच. पाय पंख्यासारखे फिरत होते आणि सायकल हळूहळू मागे येत होती.

या खटपटीत बराच वेळ गेला, तोवर शिदूही मागून धावतपळत येऊन पोचला. "काय झालं, डागदर?"

"काही नाही. गिअर बदलतोय."

"मग बसा. मी ढकलतो."

डागदर माणसाला चढावर चालवणं शिदूला पटेना आणि उतरून चालणं दिगंबररावांना. शिदू ढकलू लागला. नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून दिगंबरराव वर बसून रिकामी पॅडलं मारत राहिले. अर्ध्या चढावर शिदूला धाप लागली.

"सायेब, ह्याला तीन गेर हैत म्हनता?"

"तीन."

"त्यातला येक माज्यात घालता यील का?"

एवढ्यात शिदूची आई, बायडाबाई, वाट बघून बघून चढ उतरून आली. "गाय थकली रं! हितं काय खेळताय?"

दिगंबरराव ओशाळून उतरले. बायडाबाईनं सायकलकडे निरखून पाहिलं. मागच्या आसातून एक बारीक साखळी निघून तारेला जोडलेली होती. तिनं ती बोटानं हलवली.

"ही येसण ढिली सोडलीया. अशा येसणीनं बैल तरी चढंल व्हय?"

"मावशी, हे विलायती यंत्र आहे."

"आसंल. वढा."

दिगंबररावांनी मुकाट्यानं साखळी ओढून धरली. आत कट्ट झालं. बायडाबाईनं कमरेची वाखाची दोरी सोडली आणि साखळी तशीच ताणून सायकलच्या दांडीला करकचून बांधली. "बसा आता."

सायकल चढू लागली! दिगंबरराव त्या दोघांच्या बरेच आधी वाडीवर पोचले. वासराचा पुढचा पाय आत दुमडला होता. बाह्या सारून त्यांनी तो सरळ केला, आणि मायलेक धापा टाकत गोठ्यात शिरले तेव्हा गाय ओलं वासरू चाटत होती.

शिदू पाया पडायला वाकला. दिगंबररावांनी त्याला वरच्यावर धरलं. "माझ्या नको, मावशींच्या पडा." आणि आधी स्वतःच वाकले. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

दुपारी, वासरू पोटभर प्यायल्यावर, ते परत निघाले. दोरी सोडायची काही छाती झाली नाही. सपाटीवरही चढाचाच गिअर! दिगंबरराव घामाघूम होऊन पाय मारत होते आणि शेजारून शिदू, डोक्यावर चिकाची किटली घेऊन, निवांत चालत होता. मधेच तो आदबीनं विचारी, "डागदर, थांबू का जरा?"

घराच्या दारात त्यांच्या पत्नी शैलाताईंनी किटली उतरवून घेतली. "अहो, एवढ्या लांब यांना कशाला चालवलंत? किटली सायकलला अडकवून आणायची."

"डागदर तसं म्हनलं व्हतं, वैनी," शिदू म्हणाला. "पर चीक लवकर नासतो. म्हून मी चालत आनला."