शनिवारी जाणारा माल

पहिली लाल पट्टी बसली ती सँडविच भाजायच्या यंत्रावर.

"हे शेवटचं कधी वापरलं?" स्टोअरकीपरने विचारलं.

"तुम्ही आणलंत त्या दिवशी," बायको म्हणाली.

"म्हणजे वर्ष उलटून गेलं."

"त्या दिवशीसुद्धा फ्यूज उडाला होता. वापरलं असं म्हणता यायचं नाही."

पंपांच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळत असे आणि तिथला नियम त्याने स्वतः बसवला होता. रोज लागणाऱ्या मालाच्या खणाला हिरवी पट्टी, अधूनमधून लागणाऱ्याला पिवळी आणि वर्षभर कुणी हात लावला नाही त्याला लाल. लाल माल शनिवारी बाहेर. अपवाद नाही, कारण एकदा अपवाद केला की स्टोअरचा अडगळखाना होतो, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी विचारलं नसतानाही सांगत असे. कारखान्यातल्या हिशेबनिसाने त्याला साध्या राहणीवरचं एक पुस्तक वाचायला दिलं. वस्तू कमी ठेवा, साधं खा, एक वस्तू बाहेर गेल्याशिवाय दुसरी आत आणू नका, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाचा. त्याला ते इतकं पटलं की पुस्तक अर्ध्यावर मिटून तो कामालाच लागला. घरातल्या माणसांबद्दलचं प्रकरण मागच्या अर्ध्यात होतं.

यंत्रामागोमाग मुलीचे स्केट गेले, दोन छत्र्या गेल्या, काचेच्या पेल्यांची पेटी गेली.

"ते पाहुण्यांसाठी आहेत," बायको म्हणाली.

"पाहुणे शेवटचे कधी आले?"

"तुम्ही स्टोअरच्या गोष्टी सांगायला लागलात त्याच्या आधी."

पेटीवर लाल पट्टी बसली.

मग तो आतल्या खोलीत गेला. तिथे आजोबा राहत. आजोबा म्हणजे स्टोअरकीपरचे वडील, निवृत्त वजनमापे निरीक्षक. आजी गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतीची भिंत बघत. भिंतीला खिडकी नव्हती. त्यांच्या मागे एक मांडणी होती आणि तिच्यात खालपासून वरपर्यंत रहस्यकथा होत्या, कडा पिवळ्या पडलेल्या, पाठी सुटलेल्या.

"बाबा, ही पुस्तकं शेवटची कधी वाचलीत?"

आजोबांना खोटं बोलता आलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी मापं जप्त केलेल्या माणसाला ते जमेना.

"तुझी आई गेल्यापासून हात लावलेला नाही," ते म्हणाले.

स्टोअरकीपर थोडा घुटमळला. मग चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला.

"अहो, पुस्तकं राहू देत की," बायको दारातून म्हणाली.

"एकदा अपवाद केला की..."

"अडगळखाना होतो. पाठ झालंय."

शनिवारी रद्दीवाला आला आणि पोत्यांत भरून सगळं घेऊन गेला. आजोबा भिंत बघत राहिले. आता त्यांच्या मागेही भिंतच होती.

साधेपणाचा पहिला आठवडा सुरू झाला. जेवायला एकच पदार्थ ठरला, भाज्यांचं सूप, सोबत पाव. बिस्किटं बंद झाली, कारण ती पाकिटातून येतात. आजोबांना सकाळच्या चहात बिस्कीट बुडवायची सवय होती. ते आता नुसता चमचा बुडवून बाहेर काढत. तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर घरात जरा बरं वाटलं असतं.

अडचण संध्याकाळी आली. सगळ्यांनी मिळून वाचायचं, पण वाचायला घरात पुस्तक उरलं नव्हतं. नवं आणायचं तर काहीतरी बाहेर जायला हवं, आणि जाण्यासारखं सगळं जाऊन बसलं होतं. शेवटी स्टोअरकीपर साध्या राहणीचंच पुस्तक मोठ्याने वाचू लागला. जेवणात एकच पदार्थ का असावा हे प्रकरण घराने तो एकच पदार्थ खाता खाता ऐकलं.

"पप्पा, हे सूप कालचं आहे की आजचं?" मुलीने विचारलं.

"साध्या राहणीत असला फरक करत नाहीत."

"कालचंच आहे," बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी आजोबा चहाला बाहेर आले तेव्हा त्यांच्या स्वेटरच्या खिशावर लाल पट्टी होती. अगदी सरळ, कडा दाबून बसवलेली. मुलगी हसली. मग आईकडे बघून तिने हसणं आवरलं.

"बाबा, हे काय?" स्टोअरकीपर म्हणाला.

"नियम," आजोबा म्हणाले. "वर्षभर कुणी हात लावला नाही तर लाल. मी सगळं तपासून बघितलं. सूनबाई वाढते, पण तो हात ताटाला लागतो. तू 'बाबा, पाय वर घ्या' म्हणतोस आणि झाडू मारतोस. ते खुर्चीच्या खात्यात धरावं लागेल."

"बाबा, चेष्टा करताय का?"

"नोकरीत कधी केली नाही, आता कुठं शिकू? तुझ्या ताईला फोन केलाय. ती शनिवारी गाडी घेऊन येतेय. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. लाल माल शनिवारीच जातो ना?"

'जाऊ नका' एवढंच स्टोअरकीपरला म्हणायचं होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"पट्टी काढायची तर माल वापरात यावा लागतो."

बायकोने त्याच्याकडे सुपात माशी सापडावी तसं बघितलं.

तरीही घर कामाला लागलं, कारण शनिवारपर्यंत आजोबांना वापरात आणणं भाग होतं. बायकोने त्यांना सूप चाखायला दिलं. "बाबा, मीठ बरोबर आहे का बघा." आजोबा म्हणाले, "डॉक्टरनी मला मीठ बंद केलंय." मुलीने गणित आणलं. आजोबांनी ते सोडवलं, उत्तर बरोबर आलं आणि शाळेत चूक ठरलं, कारण पद्धत जुनी होती. मग स्टोअरकीपरने त्यांच्या हातात पिशवी दिली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून बटाटे आणायला पाठवलं. यात काही बिघडेल असं कुणालाच वाटलं नाही.

वाण्याकडे जुना पारड्यांचा तराजू होता. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं आणि कित्येक दिवसांनी त्यांची पाठ ताठ झाली.

"पारडी बदला," ते म्हणाले.

"आजोबा, मी कधी कुणाला मापात मारलेलं नाही!"

"बदला म्हणतो ना."

वाण्याने वजनं मालाच्या पारड्यात ठेवली आणि बटाटे वजनांच्या. काटा भलतीकडेच झुकला. तराजू खोटा होता, पण उलटा. वाणी आजवर गल्लीतल्या प्रत्येकाला प्रत्येक वेळी थोडं जास्त देत आला होता. आजोबांनी तिथल्या तिथे तराजू नीट करून दिला आणि सरळ काट्याकडे बघत समाधानाने घरी आले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत प्रत्येकाची पिशवी थोडी हलकी भरली. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात स्टोअरकीपरच्या बायकोला म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांना घरात काही काम नसतं का हो?" शेजारच्यांनी ओळख दाखवणं सोडलं. आणि वाणी रात्रंदिवस एकच गोष्ट घोकत बसला, की इतकी वर्षं सगळी गल्ली आपल्याला लुटत होती. बायको पिशवी घेऊन गेली तेव्हा त्याने हात जोडले.

"वहिनी, तुमच्या घरानं सगळ्यात जास्त नेलंय. आता दुसरं दुकान बघा."

त्या संध्याकाळी सुपात एक कांदा होता.

"बघितलंस?" आजोबा मुलाला म्हणाले. "पडून होतो तेच बरं होतं. वापरात आणलं आणि नुकसान झालं."

स्टोअरकीपरने पुस्तक उघडलं. पण मुलीने त्यावर हात ठेवला.

"आजोबा, तुमच्या पुस्तकांत काय असायचं हो?"

"खून."

"सांगा ना एक."

आजोबांनी खिशावरची पट्टी नीट दाबली आणि सुरुवात केली. एक घड्याळवाला होता. सकाळी त्याचं दुकान उघडेना. दार फोडलं तर तो आत पालथा पडलेला, किल्ली त्याच्याच मुठीत, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं बंद. एक सोडून. आजोबांचा आवाज खाली गेला. बायको हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली. कांद्याचं सूप करपलं. ते करपू शकतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी घड्याळवाल्याची बायको आली, जी रडत नव्हती. मग भाऊ आला, जो फार रडत होता. मग डॉक्टर आला आणि प्रेताला हात न लावताच मृत्यूची वेळ सांगून मोकळा झाला. स्टोअरकीपर दिवसभर कारखान्यात, किल्ली आत असताना दार बाहेरून लावता येईल का याचा विचार करत होता. त्याने एका खात्याला भलतेच वॉशर दिले आणि त्या खात्यातले पंप गळू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मेमो मिळाला. तो त्याने घडी घालून खिशात टाकला आणि धावतपळत घरी आला.

शुक्रवारी आजोबा म्हणाले, "आणि मग डॉक्टर सगळ्यांकडे बघून म्हणाला, 'खुनी या खोलीतच आहे.'"

"कोण?" मुलगी ओरडली.

"उद्या शनिवार," आजोबा म्हणाले आणि बॅग भरायला उठले.

आत्या सकाळीच आली. ती स्टोअरकीपरची थोरली बहीण. खाली भाड्याची गाडी उभी करूनच ती वर चढली होती आणि तिने बसायलाही नकार दिला.

"बाबांना पट्टी लावलीस तू?"

"मी नाही लावली, ताई. त्यांनी स्वतःच..."

"चिकटपट्टी कुणाची?"

स्टोअरकीपर जमिनीकडे बघू लागला. "माझी."

"वा! आई असती तर तुला दोन ठेवून दिल्या असत्या. चला हो बाबा."

आजोबांची बॅग फार लहान होती. ती उचलून ते दाराशी आले. मुलगी दारात आडवी उभी होती.

"आधी खुनी कोण ते सांगा."

"फोनवर सांगेन, बाळ."

"फोनवर तुम्ही 'बरं आहे' म्हणता आणि ठेवता!"

"सरक गं," आत्या म्हणाली. "गाडी थांबलीय."

मुलगी सरकली. आजोबांनी उंबऱ्यापलीकडे एक पाय टाकला. तेव्हा स्टोअरकीपर पुढे झाला आणि त्याने बॅगेची दुसरी मूठ धरली.

"माल बाहेर जायला स्टोअरकीपरची सही लागते," तो म्हणाला. "मी सही करणार नाही. काही झालं तरी करणार नाही, बाबा."

हे त्याच्या परीने 'जाऊ नका' होतं. बायकोला ते कळलं. आत्यालाही कळलं असावं, कारण ती वाटेतून बाजूला झाली. आजोबांनी बॅग सोडली नाही. पण पाय मात्र आत घेतला.

"अरे, मला जाऊ द्यायला हवं," ते कुजबुजले. "खुनी कोण, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी रोज तुझ्या आईला वाचून दाखवायचो. डॉक्टर यायच्या सुमारास तिला झोप लागायची. तिला सोडून पुढं वाचणं बरं दिसत नाही, म्हणून मी पुस्तक मिटायचो. दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, कालचं राहू द्या, आज नवं काढा." ते थांबले. "त्या सगळ्या मांडणीतल्या एकाही पुस्तकाचा शेवट मला ठाऊक नाही. ती गेल्यावर एकट्यानं बघवेना. आता तर पुस्तकंही नाहीत. आज संध्याकाळी ही पोर विचारणार, मी काय सांगणार? त्यापेक्षा ताईकडे गेलेलं बरं, असं वाटलं."

"मग आपणच ठरवू," स्टोअरकीपर म्हणाला. "किल्ली आत होती, एवढं धरून चालू."

"बायकोनं मारलं," त्याची बायको लगेच म्हणाली. "घरात घड्याळांचा पसारा असेल."

"भाऊ," मुलगी म्हणाली.

"कसला भाऊ?" आत्याने विचारलं. "कुणाला मारलं? जरा पहिल्यापासून सांगाल का कुणी?"

आजोबांनी पहिल्यापासून सांगितलं. आत्या ऐकता ऐकता कधी खुर्चीत बसली ते तिलाच कळलं नाही. घड्याळं बंद कुणी केली यावर तिचं आणि भावाचं कडाक्याचं भांडण जुंपलं, लहानपणी जुंपायचं तसं. खालून हॉर्न वाजत होता. मग वाजायचा थांबला आणि गाडीचा ड्रायव्हर घाम पुसत दारात आला.

"बाई, किती वेळ? न्यायचंय कुणाला?"

"थांबा हो," आत्या म्हणाली. "इथं प्रेत अजून दुकानात पडलंय."

ड्रायव्हर दचकला. मुलीने त्याला घाईघाईने सगळं समजावून सांगितलं, दार, किल्ली, घड्याळं, बायको, भाऊ, डॉक्टर. त्याने चौकटीला टेकून शांतपणे ऐकून घेतलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "डॉक्टरनं मारलं."

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांचा चेहरा पडला होता.

"डॉक्टर बाद," ते खिन्नपणे म्हणाले. "मीही मनात त्यालाच धरला होता. ड्रायव्हरलासुद्धा कळलं." त्यांनी बॅग खाली ठेवली आणि ते परत खुर्चीत जाऊन बसले. "ड्रायव्हर, तुम्ही निघा आता. मला नव्यानं विचार करावा लागणार. आज यायला काही जमत नाही."