सगुणेच्या गरम मुठी

एका जंगलात, मुलांनो, एक घोरपड मोटारसायकल चालवत असे. यात हसण्यासारखं काही नाही. तिला काम होतं. ज्यांना काहीच काम नव्हतं तेही त्या जंगलात मोटारसायकली उडवत, आणि त्यांना कुणी हसत नसे.

घोरपडीचं नाव सगुणा. ती जंगलाची सुईण होती. कुणाची वेळ भरली की तिला निरोप यायचा, आणि ती पिशवी अडकवून निघायची. तिची पकड पक्की होती. अडलेलं पिल्लू एकदा तिच्या हाती लागलं की बाहेर येईपर्यंत सुटत नसे.

पण घोरपडीचं रक्त थंड. ऊन लागलं की ती चपळ, आणि पौषातल्या पहाटे नुसतं लाकूड. आता पिल्लांना कुठली आलीय अक्कल? ती नेमकी पौषातल्या पहाटेच जन्माला यायची.

दोन वर्षांपूर्वी चंद्री भेकराची वेळ अशीच पहाटे भरली. चंद्री पठारावर राहायची, म्हणजे मध्ये सात वळणांचा घाट. तिसऱ्या वळणावर सगुणेची बोटं मुठीवर आवळली ती उघडेचनात. ब्रेकपर्यंत हात जाईना, रेस कमी होईना. गाडी सरळ करवंदीच्या जाळीत शिरली. सगुणा खरचटलेली, लंगडत वर पोहोचली तेव्हा आडवं आलेलं पिल्लू कसंबसं जन्मून गार झालं होतं.

चंद्रीने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. सगुणेला तेच फार लागलं. त्यानंतर कित्येक दिवस ती आपल्या हातांकडे बघत बसायची.

घाटाच्या पायथ्याशी भिवा मुंगसाची चहाची टपरी होती. भिवाने तिचं काही सांत्वन वगैरे केलं नाही. त्याने जुन्या गोणपाटाच्या दोन पिशव्या शिवल्या आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बांधल्या. पहाटे सगुणा आली की तो चुलीच्या राखेतून दोन रताळी काढायचा, एकेका पिशवीत एकेक टाकायचा, आणि सांगायचा, "बाई, हात आत घाला. आणि रताळं वाटेत खाऊ नका, वर गेल्यावर खावा."

वर गेल्यावर ती रताळी बाळंतिणीला मिळायची. अशी सोय होती. फक्त एक अडचण होती. रताळ्यांची ऊब पाचव्या वळणापर्यंत पुरायची, आणि वळणं सात.

यंदा चंद्रीला पुन्हा दिवस गेले. पुन्हा पौषच येत होता.

"मावशी, या खेपेला वेळेवर याल ना?" चंद्रीने विचारलं.

"येईन," सगुणा म्हणाली. तिने शब्द दिला, आणि त्या दिवसापासून तिला त्या दोन वळणांची काळजी लागली.

आता इथे सगुणेच्या हातून एक चूक झाली. ती तुम्ही कधी करू नका. जंगलाच्या सभेत रावसाहेब गव्यांनी सवयीने विचारलं, "कुणाला काही अडचण?" असं विचारल्यावर गप्प बसायचं असतं, हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. पण सगुणा उठली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "रावसाहेब, पहाटे हात गारठतात. गरम होणाऱ्या मुठी मिळतात म्हणे, वीज खेळवलेल्या. तशा दोन बसवून मिळाल्या तर बरं होईल."

रावसाहेबांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, "बाई, तुमचे हात ते जंगलाचे हात." आणि त्यांनी तिथल्या तिथे समिती नेमली.

समितीत तिघे होते. अध्यक्ष अर्थातच रावसाहेब, ज्यांना चार खूर होते. दुसरा मयूरेश मोर, जो मोटारसायकलवर बसून पिसारा फुलवायचा आणि त्याचे व्हिडिओ काढायचा. गाडी त्याने कधी स्टँडवरून उतरवली नव्हती. तिसरे लटकेमास्तर, म्हणजे वटवाघूळ, जंगलातले एकमेव वायरमन. समितीत हात असा एकालाही नव्हता.

"मलाही घ्या ना समितीत," सगुणा म्हणाली.

"तुम्ही लाभार्थी," रावसाहेब मायेने म्हणाले. "लाभार्थ्याने असल्या दगदगीत पडू नये."

समितीने महिनाभर अभ्यास केला. मयूरेशने तीस प्रकारच्या मुठींचे व्हिडिओ पाहिले आणि एकतीस टाकले. कुठली मूठ आपल्या मानेच्या रंगाला शोभते यावर त्याने मतदानही घेतलं. निळा दिवा लागणारी मूठ बहुमताने जिंकली.

"ती जाड किती आहे?" सगुणेने विचारलं. "माझी बोटं आखूड आहेत. मुठीला वळसा बसला नाही तर क्लच कसा ओढू?"

"मावशी, तुम्ही बारीकसारीक गोष्टीत फार शिरता," मयूरेश म्हणाला. "हिला साडेचार तारे आहेत."

मापही घेतलं गेलं. ते रावसाहेबांनी स्वतःच्या खुरावर घेतलं, कारण अध्यक्षांचं माप चुकत नसतं.

मुठी आल्या. सगुणेने हातात घेऊन पाहिल्या. तिची बोटं निम्म्यापर्यंतच पोहोचत होती. पण त्या गरम व्हायच्या हे खरं होतं, आणि चंद्रीची वेळ तोंडावर आली होती. ती म्हणाली, चालतील.

बसवायला लटकेमास्तर आले. ते गाडीवरच्या फांदीला उलटे लटकले आणि कामाला लागले. त्यांनी साबणाचं पाणी घालून जुन्या मुठी ओढून काढल्या, नव्यांना आतून डिंक लावला आणि ठोकून बसवल्या. उजव्या मुठीची वायर त्यांनी तारेच्या कुंपणासारखी ताणून बांधली.

"मास्तर, ही मूठ फिरते," सगुणा म्हणाली. "वायर एवढी ताणली तर रेस दिल्यावर परत यायची नाही. जरा ढील द्या."

मास्तरांनी कुरकुर करत ढील दिली. बाकी सगळं त्यांना दिसलं तसं, म्हणजे उलटं बसवलं. बटण हँडलच्या खाली गेलं, जिथे ते उभ्या माणसाला दिसत नाही.

"चावी काढली की हे आपोआप बंद होईल ना?" सगुणेने विचारलं.

"बंद?" मास्तर म्हणाले. "बाई, ठरावात 'सतत उबदार' असं लिहिलंय. मी वायर थेट बॅटरीला जोडलीय. चावी असो नसो, ऊब येणारच."

"मग बॅटरी उतरेल की."

"ते ठरावात नाही," मास्तर म्हणाले, आणि उडून गेले.

उद्घाटन झोकात झालं. नारळ फुटला, हँडलला लिंबू-मिरची बांधली, रावसाहेबांनी फीत चावून तोडली. मग त्यांनी गोणपाटाच्या पिशव्यांकडे बघून नाक मुरडलं. पिशव्या काढून टाकण्यात आल्या. पायथ्याशी उघड्यावर पेटलेली चूलही त्यांच्या डोळ्यांत खुपली. आता जंगलात विजेची ऊब आली असताना राखेतली रताळी कशाला? टपरी हलवण्याचा हुकूम सुटला. त्या जागी योजनेचा फलक लागला. फलकावर रावसाहेबांचा फोटो होता आणि कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, एक मूठ होती.

"मी जातो वर पठारावर," भिवा भांडी बांधत म्हणाला. "तिथं फलकाला जागा न्हाई."

सगुणेला फार वाईट वाटलं. आपण हात पुढे केले म्हणून याची चूल उठली, हे तिला कळत होतं. पण गरम मुठी मागणारीनेच तक्रार कशी करायची?

त्या दिवसापासून एक नवीच तऱ्हा सुरू झाली. दुपार कलली की सगुणेच्या बिळाशी रांग लागायची. सशांनी कान शेकले. रानडुकरांनी नाक शेकलं. कोल्हीण तर लेकराला घेऊन आली, त्याला म्हणे सर्दी होती. समितीचेही पाय लागायचे. मयूरेश निळ्या दिव्यासमोर मान वेळावून व्हिडिओ काढायचा.

सगुणेला नाही म्हणणं जमायचं नाही. यातल्या निम्म्यांना तिनेच जगात आणलं होतं. ती रांग संपेपर्यंत थांबायची, मग हँडलखाली चाचपून बटण बंद करायची आणि गारठ्याआधी बिळात शिरायची. एकदा ऊन गेलं की तिचे डोळे आपोआप मिटायचे. रक्तच तसं, त्याला ती काय करणार?

एके दिवशी सूर्य कलता कलता रावसाहेब आले. बरोबर त्यांचे व्याही होते, शेजारच्या जंगलातले. त्यांना योजना दाखवायची होती.

"बाई, तुम्ही झोपा," रावसाहेब म्हणाले. "आम्ही बंद करून जाऊ."

"बटण खाली आहे, रावसाहेब. विसरू नका. चंद्रीची वेळ आज-उद्यावर आलीय."

"आम्ही विसरू?" रावसाहेब म्हणाले. व्याही मोठ्याने हसले. सगुणेचे डोळे मिटत होते. ती आत गेली.

पहाटे चंद्रीचा नवरा दारात उभा होता. त्याला धाप लागली होती. "मावशी, कळा सुरू झाल्या. मागच्यासारखं आडवं आहे वाटतं."

"तू हो पुढे. तिला एकटी ठेवू नकोस. मी आलेच," सगुणा म्हणाली आणि गाडीवर बसली.

मुठी थंडगार होत्या, आणि हँडलखालचं बटण रात्रभर चालूच राहिलं होतं. तिने चावी फिरवली, स्टार्टर दाबला. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. तिला किक नव्हती. किक गावंढळ दिसते म्हणून हल्लीच्या गाड्यांना ठेवतच नाहीत. सगुणेने गाडी ढकलून पाहिली. पुढे चढ होता. काल इथे ऊब घ्यायला जंगलभरची गर्दी होती. आज ढकलायला एक चिटपाखरू नव्हतं.

तिने गाडी सोडली आणि पायी निघाली.

पायथ्याशी फलक होता, चूल नव्हती. पहिल्या वळणावर तिचे पाय जड झाले. दुसऱ्या वळणावर ती थांबली. थांबायचं नव्हतं, पण पाय हलेचनात. मन धावत चंद्रीपाशी गेलं होतं आणि अंग रस्त्यात ओंडक्यासारखं पडलं होतं. तिने शब्द दिला होता. तिला रडायचं होतं, पण थंडीत घोरपडीला रडताही येत नाही.

तेवढ्यात वरून कुणीतरी धावत आलं. पाठीवर शेगडी, खांद्याला गोणपाटाची पिशवी. भिवा होता.

"गाडीचा आवाज आला न्हाई," तो म्हणाला. "भेकर पोचलं, तुम्ही न्हाई. म्हटलं, कायतरी घोटाळा झाला." त्याने तिच्या दोन्ही हातांत एकेक रताळं कोंबलं, शेगडी तिच्या पोटाशी धरली आणि तिला हलवलं. "चला. शेगडीत निखारा हाय, वाटेत रताळी बदलू."

दर वळणावर त्याने रताळी बदलली. सातही वळणं अशी पार पडली.

ती पोहोचली तेव्हा पिल्लू अर्ध्यात अडकलं होतं आणि चंद्रीच्या अंगात जोर उरला नव्हता. सगुणेने रताळी बाजूला ठेवली. हात गरम होते. बोटं वळत होती. तिने पिल्लाला पकडलं, वळवलं, आणि तिची ती पकड सुटली नाही. पिल्लू बाहेर आलं, निपचित. तिने ते दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळलं. चोळत राहिली. बराच वेळ काही झालं नाही.

मग पिल्लू शिंकलं.

चंद्रीने मान उचलून पाहिलं. भिवाने बाळंतिणीपुढे दोन रताळी सोलून ठेवली.

बातमी खाली पोहोचली. दुसऱ्याच दिवशी समितीने पठारावर बाळंतपण सुखरूप झाल्याचं जाहीर केलं आणि ते श्रेय गरम मुठींना दिलं. रावसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मयूरेशने पिल्लासोबत व्हिडिओ काढला. लटकेमास्तरांना शेजारच्या जंगलातून बोलावणं आलं. बंद पडलेल्या गाडीला हार घालून ती फलकाखाली उभी करण्यात आली, आणि ती आजतागायत तिथेच उभी आहे.

सगुणेने भिवाच्या ओळखीने एक जुनी गाडी मिळवली, किक असलेली. भिवाने नव्या पिशव्या शिवल्या, एक चूल पायथ्याशी फलकाच्या आड मांडली आणि दुसरी पाचव्या वळणावर, करवंदीच्या जाळीमागे, दोन्ही कुणाला दिसणार नाहीत अशा. आता ऊब सातव्या वळणापर्यंत पुरते.

पुढच्या पौषात सभा भरली. रावसाहेबांनी सवयीने विचारलं, "कुणाला काही अडचण?" आणि सगुणेकडे पाहून मायेने म्हणाले, "काय बाई, हात कसे आहेत? दाखवा बघू."

सगुणेने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"उबदार आहेत, रावसाहेब. तुमची कृपा."

"मग ते रताळ्यांचं काय ऐकतोय आम्ही? रोज पहाटे पिशवीत दोन रताळी असतात म्हणे."

"उपास आहे माझा," सगुणा म्हणाली.

"रोज? कुठला उपास?"

"तुम्ही अध्यक्ष आहात तोवरचा आहे," सगुणा म्हणाली.

रावसाहेबांना गहिवरून आलं. आपल्यासाठी इतकं कडक व्रत आजवर कुणी केलं नव्हतं.

तात्पर्य : हात गारठले तर ते गुपचूप शेकावेत, चारचौघांत पुढे करू नयेत. पुढे केले तर अख्ख्या जंगलाला ऊब मिळते, आणि आपल्या वाट्याला फलक येतो.