पाठमोरा घास

भित्र्या कुत्र्याला माणसाळवणे मला जमते, हे मी छातीठोकपणे सांगतो. निदान त्या दिवशी सकाळी वच्छलेला, म्हणजे आमच्या मंडळींना, तसे सांगितले होते खरे.

१९५५ साली शाळेतून निवृत्त होऊन मी चिचगडला राहत होतो. रानडुकरांसाठी लावलेल्या फासात एक तांबडा कुत्रा अडकला होता. त्याला सोडवले, गोणपाटात गुंडाळून घरी आणले. तो गोठ्यात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाआड शिरला. माणूस दिसला की वाऱ्यातल्या पळसपानासारखा थरथरे.

माझ्याकडच्या एका इंग्रजी पुस्तकात उपाय होता. कुत्र्याकडे पाठ करून बसावे, नजर देऊ नये, खांद्यावरून मागे घास टाकावा, हळू आवाजात बोलत राहावे. नजर न देणे मला जन्मजात येते. बोलणे येत नाही, म्हणून मी त्याला तेच पुस्तक वाचून दाखवू लागलो.

शेजारच्या सुलोचनाबाईंनी कुडाच्या फटीतून पाहिले. गुरुजी पाठमोरे बसलेत, परक्या भाषेत पुटपुटताहेत आणि भाताचा गोळा न बघता मागे टाकताहेत. आमच्याकडे असा भात टाकतात तो उताऱ्याचा. त्यात नेमकी त्यांची म्हैस आटली.

"काहो गुर्जी, कोनावर करून राहिले?"

"मी... कुत्र्यावर."

"मंग म्हैस आमची कायले आटली?"

"पुस्तकात तसंच करायला सांगितलंय," मी जमिनीकडे पाहत म्हणालो.

"आयकलं का," त्या घराकडे तोंड करून नवऱ्याला म्हणाल्या, "पुस्तकबी हाय त्याइच्यापाशी."

संध्याकाळी त्यांचे यजमान दुधराम काठी आणि चार माणसे घेऊन गोठ्यात आले.

"कुत्रा भायेर काढा गुर्जी. जे काई हाय ते त्याच्यातच हाय. ठेचतो त्याले."

"बोला ना काहीतरी," वच्छला म्हणाली. घास दाखवून कुत्र्याला मागच्या दाराने पळवावे, एवढेच मला सुचले. मी घरातून भाताचा गोळा आणला आणि सवयीने तणसाकडे पाठ करून उभा राहिलो.

"उतारा आनला बे," कोणीतरी कुजबुजले.

उतारा जो पाहील त्यालाच तो लागतो! सगळे गर्रकन पाठ फिरवून खाली बसले. दुधरामने काठी खाली ठेवली, डोळे गच्च मिटले आणि सगळेच रामनाम पुटपुटू लागले.

कुत्र्याने तणसाआडून डोकावले. समोर पाठीच पाठी. कोणाची नजर नाही, सगळ्यांचे आवाज हळू. पुस्तकाने याहून वेगळे काय सांगितले होते? तो बाहेर आला, दुधरामची मान चाटली आणि त्याला टेकून बसला.

"गुर्जी, मानेले ओलं कायचं लागून राहिलं जी?"

"कुत्रा आहे."

दुधरामने एक डोळा उघडला. भीतभीत हात मागे नेला. कुत्र्याने तोही चाटला.

"हा तं लय गरीब हाय बापा," तो म्हणाला आणि काठी पायाने दूर सारली.

आनंदाने मी पुढे सरसावलो. कुत्र्याने माझा चेहरा पाहिला आणि केकाटत दुधरामच्या मांडीत शिरला. आजवर त्याची ओळख झाली होती ती फक्त माझ्या पाठीशी.

"भिऊन राहिला तुमाले," दुधराम मलाच दरडावून म्हणाला. "तोंड तिकडे करा."

कुत्रा आता दुधरामकडेच राहतो. आठवण आली की मी त्यांच्या अंगणात उलट्या पावलांनी शिरतो. तो शेपटी हलवत धावत येतो. गावाचा माझ्यावरचा संशय मात्र आता पक्का झाला आहे.