शेवटचा नग दिला जाणार नाही

कोणतीही वस्तू संपण्याचं एकमेव शास्त्रीय कारण म्हणजे ती वापरली जाणं. जी वस्तू वापरली जात नाही ती संपत नाही, आणि जी संपत नाही तिची काळजी करावी लागत नाही. इतकी साधी गोष्ट जगाच्या ध्यानात यायला जन्म जातो. शिल्लकरावांच्या ध्यानात ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आली.

शिल्लकराव हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं भांडारप्रमुख होते आणि हे नाव त्यांना फिटर लोकांनी प्रेमानं दिलं होतं. ('प्रेमानं' हा शब्द शिल्लकरावांचा. फिटर लोकांचा शब्द वेगळा होता.) भांडाराच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'शेवटचा नग दिला जाणार नाही.' एकदा एका वॉशरवाचून एक यंत्र नऊ दिवस बंद पडलं होतं, आणि त्या नऊही दिवसांत भांडारात एक वॉशर होता. त्यांनी तो दिला नाही म्हणूनच तर 'भांडारात वॉशर आहे' असं त्यांना वरिष्ठांना छातीठोकपणे सांगता आलं. निवृत्तीच्या दिवशी एकही कप्पा रिकामा नव्हता. पुढे दोन वर्षांत कारखाना बंद पडला खरा, पण तो भांडारातला माल संपल्यामुळे नव्हे, एवढं लक्षात घ्यावं.

अशा माणसाची फुफ्फुसं म्हातारपणी कामचुकार व्हावीत आणि डॉक्टरांनी त्याच्या हवाली थेट प्राणवायूचाच साठा करावा, याला योग्य माणूस योग्य जागी पोचणं म्हणतात.

साठा असा होता. घरात विजेवर चालणारं एक मशीन, ते हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीवाटे नाकात सोडायचं. नळी पंधरा मीटरची, म्हणजे शिल्लकरावांचं राज्य पलंगापासून फाटकाच्या दोन पावलं अलीकडेपर्यंत पसरलेलं. (नळीवर पाय पडण्याचे प्रसंग दिवसाला सरासरी सहा. पैकी चार पत्नीचे, दोन खुद्द राजांचे.) फाटकापलीकडच्या जगासाठी खांद्याला अडकवायचे दोन छोटे सिलिंडर. एकेक अडीच तास पुरणारा. डॉक्टरांनी बजावलं होतं की प्रवाहाचा काटा दोनवर ठेवा, सिलिंडर घ्या, रोज बाहेर पडा, बसून राहिलात तर फुफ्फुसं आणखी आळसावतील. शिल्लकरावांनी सूचनेची नोंद घेतली, काटा एकवर ठेवला आणि सिलिंडर कपाटात ठेवून कपाटाची किल्ली गळ्यात घातली. मशीनच्या बाबतीत त्यांचं म्हणणं होतं की दोनवर चालवलं तर मशीन झिजेल. स्वतः झिजण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, तो माल जुनाच होता.

कपाटातून सिलिंडर काढण्याची कार्यपद्धती त्यांनी आठवड्याभरात ठरवली. गुलाबी कागदावर मागणीपत्र, त्यावर मागणीदाराची सही, शिफारस करणाऱ्याची सही आणि मंजुरी देणाऱ्याची सही. मागणीदार शिल्लकराव. शिफारस पत्नीची. मंजुरी शिल्लकरावांची, कारण घरात त्या हुद्द्याचं दुसरं कुणी नव्हतं. पहिलं मागणीपत्र त्यांनीच भरलं: 'कारण: मोकळ्या हवेत फिरणे.' मग चष्मा बदलून मंजुरीच्या खुर्चीत बसले आणि शेरा मारला: 'खिडकी उघडावी. नामंजूर.' मागणीदाराला वाईट वाटलं, पण नियम सगळ्यांना सारखे, हेही त्याला पटलं.

पत्नी या सगळ्याकडे बघत होत्या. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या कोणत्या वेडाला हसावं आणि कोणत्या वेडाला हात लावू नये, हे कळलेलं असतं. त्या शिफारशीच्या रकान्यात निमूटपणे सही करायच्या आणि जाता जाता मशीनचा काटा दोनवर करून जायच्या. शिल्लकराव तो परत एकवर आणायचे. दिवसाकाठी असं चार-पाचदा व्हायचं आणि याविषयी दोघांत एक शब्दही बोलला जात नसे.

दुसरं मागणीपत्र मात्र पत्नींनी स्वतः भरलं. 'कारण: आक्कांना भेटणे.'

आक्का म्हणजे शिल्लकरावांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी. आई लवकर गेली, तेव्हा दहा वर्षांच्या आक्कांनी या भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं. राहायच्या दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, चव्वेचाळीस पायऱ्या चढून. त्यांना गुडघ्यांमुळे उतरता येत नव्हतं, यांना फुफ्फुसांमुळे चढता येत नव्हतं. इस्पितळातून घरी आल्यापासून भावाबहिणीची गाठ नव्हती. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, त्यात जेवलास का, जेवलीस का, एवढं व्हायचं. एक दिवस आक्का फोनवर म्हणाल्या, "आवाज पुरे झाला रे तुझा. मला तुझं तोंड बघायचंय."

शिल्लकरावांनाही आक्का हवी होती, अगदी लहान पोराला हवी असते तशी. त्यांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि हिशेबाला बसले.

जायला चाळीस मिनिटं. बसायला एक तास. यायला पंचवीस मिनिटं. शिवाय 'बरंय, निघतो' म्हटल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत आक्का दारात उभं करून जे बोलतात त्याची पस्तीस मिनिटं. (ही मागच्या अकरा भेटींची सरासरी.) एकूण दोन तास चाळीस मिनिटं. एक सिलिंडर अडीच तासांचा, म्हणजे दोन लागणार. दोन होते. पण दोन्ही नेले तर कपाट रिकामं, आणि शेवटचा नग तर दिला जात नाही. म्हणून त्यांनी सिलिंडर देणाऱ्या पुरवठा कार्यालयाकडे तिसरा मागितला.

दोन महिन्यांनी तिसरा आला. आता देण्याजोगे दोन झाले, पाच तासांचे. पण साठा वाढला की जबाबदारीही वाढते. वाटेत अडचण आली तर? कुणी ओळखीचं भेटलं तर? जिन्यात कुणी कपाट उतरवत असलं तर? अनुभवी माणूस अशा वेळी आकडा दुप्पट धरतो. दोन तास चाळीस मिनिटांचे झाले पाच तास वीस मिनिटं. हाताशी पाच तास.

वीस मिनिटं कमी पडत होती. त्या वीस मिनिटांपायी आठ महिने गेले.

दर दुसऱ्या मंगळवारी सिलिंडरवाला यायचा. रिकामे घेऊन भरलेले देणं हे त्याचं काम. रिकामं काही नसायचंच, म्हणून तो चहा घेऊन आणि कागदावर 'वापर शून्य' असं लिहून जायचा. शिल्लकरावांना तो शेरा वाचून धन्य वाटायचं. अखेर त्यांनी चौथ्या सिलिंडरसाठी सविस्तर अर्ज केला, आणि या अर्जामुळे पुरवठा कार्यालयाला त्यांची आठवण झाली. उत्तर तत्परतेनं आलं. 'आपल्याकडील तिन्ही सिलिंडरचा वापर आठ महिने शून्य असल्याचे नोंदीवरून दिसते. यावरून आपल्या फुफ्फुसांत समाधानकारक सुधारणा झाल्याचे स्पष्ट होते. कार्यालयातर्फे आपले अभिनंदन. तिन्ही सिलिंडर गरजूंना देण्यासाठी येत्या मंगळवारी परत नेण्यात येतील.'

शिल्लकरावांनी पत्र दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासारख्याच विचारांच्या माणसाशी त्यांची गाठ पडली होती. त्यांनी फोन लावला. धाप लागत असल्यामुळे वाक्य पुरं होईना. पलीकडचा कारकून सौजन्यानं म्हणाला की आपली धाप कार्यालयाच्या नोंदीत नाही, नोंदीत रिकामा सिलिंडर लागतो. मंगळवारच्या आत एक जरी रिकामा दाखवला तर तिन्ही राहतील, त्या एकाच्या बदल्यात भरलेला मिळेल.

आता एखादा उथळ माणूस म्हणेल की घरात बसून तोटी उघडावी, वायू सोडून द्यावा, काम झालं. शिल्लकराव शुक्रवारी दुपारी तोटीची किल्ली हातात धरून पाऊण तास बसले होते. पण तेल सांडलं म्हणून ज्यानं एकदा एका हेल्परचा आठवड्याचा पगार कापायला लावला, त्यानं भरलेला माल हवेत सोडायचा? ते होईना. सिलिंडर रिकामा करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग उरला, तो म्हणजे त्यातून श्वास घेणं. घरात मशीन असताना सिलिंडर वापरणं म्हणजे उधळपट्टी. म्हणजे बाहेर जाणं आलं. ते उठले, पत्नीचं जुनं मागणीपत्र काढलं, त्यावर तेव्हाच मारलेला 'नामंजूर'चा शेरा खोडला आणि सही केली. सही करून मान वर केली तर पत्नी चपला घालून उभ्या होत्या. दुसरा सिलिंडर त्यांच्या पिशवीत होता, कपाटाची दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच होती, आणि ती गेले आठ महिने होती.

"काटा दोनवर करा," त्या म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत संपवायचाय ना?"

कारण पटण्यासारखं होतं. काटा दोनवर गेला.

गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर शिल्लकरावांना वाटलं की काहीतरी बिघडलंय. छातीवरची पाटी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं. जिना ते अकरा-अकरा पायऱ्यांच्या हप्त्यांनी चढले, प्रत्येक हप्त्याला पत्नी घडीचं स्टूल मांडायच्या. दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, "या जिन्याचा कठडा मागल्या वेळेपेक्षा बराच हलायला लागलाय, कुणाला तरी सांगायला हवं." आणि स्वतःच चपापले. संपूर्ण वाक्य होतं, क्रियापदासकट, आणि मध्ये एकदाही थांबावं लागलं नव्हतं.

आक्का दारात चौकट धरून उभ्या होत्या. आक्कांनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला, नळीवरूनही फिरवला आणि रडल्या. शिल्लकरावही रडले. रडायला किती प्राणवायू लागतो याचा अंदाज हिशेबात धरलेला नव्हता, पण त्या वेळी त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

नळी लावलेल्या माणसानं शेगडीजवळ जायचं नसतं, म्हणून शिल्लकराव बाहेरच्या खोलीत बसले. समोर काचेचं कपाट होतं. त्यात सोनेरी कडेचे सहा कप होते, आक्कांच्या लग्नातले. कपांच्या आत पहिल्या दिवसाचा कागद अजून तसाच खोचलेला. चहा आला तो कान तुटलेल्या कपात.

"यातून का?" शिल्लकराव म्हणाले. "ते काढ की."

"ते पाहुण्यांना ठेवलेत."

"मग मी कोण?"

"तू घरचा रे. आणि फुटला एखादा तर? सहाचे पाच होतील."

एकसष्ट वर्षांत त्या कपांच्या लायकीचा पाहुणा आलेला नव्हता. शिल्लकराव कपाटाकडे बघत राहिले. खिडकीवरची पाटी तेवढी लावायची राहिली होती, बाकी भांडार त्यांचंच होतं. आपल्यासमोर उभं राहून नऊ दिवस एक वॉशर मागणाऱ्या फिटरला काय वाटलं असेल, ते त्यांना त्या खुर्चीत कळलं. त्यांनी खिशातून गुलाबी कागदांचं पॅड काढलं (ते सदैव खिशात असे) आणि रीतसर लिहिलं. 'वस्तू: कप. नग: तीन. कारण: आक्काला भेटणे.' पत्नींनी शिफारशीची सही केली. कागद आक्कांपुढे ठेवला.

आक्कांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "आता लेखी आलंय म्हटल्यावर," त्या पुटपुटल्या आणि सही केली. कपांतले कागद निघाले, चहा ओतून घेतला गेला. नंतर धुताना एका कपाचा टवका उडाला. तिघांनीही त्या टवक्याकडे बघितलं. मग आक्का हसायला लागल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "मेल्या, इतके महिने कुठं होतास?"

शिल्लकरावांकडे याचं लेखी उत्तर होतं, पण त्यांनी ते दिलं नाही.

'बरंय, निघतो'ला एक्केचाळीस मिनिटं लागली. पहिला सिलिंडर तिथंच, दारात उभ्या उभ्या संपला. मंगळवारी तो रिकामा नग सिलिंडरवाल्याच्या हाती पडला आणि त्याच्या बदल्यात भरलेला मिळाला. पुरवठा कार्यालयाचं दुसरं पत्र आलं, त्यात प्रकृती बिघडल्याबद्दल सहानुभूती होती. आता दर शनिवारी मागणीपत्र मंजूर होतं.

यावरून शिल्लकराव सुधारले असा कुणाचा समज होईल, तर तसं नाही. त्या गुलाबी पॅडमध्ये आता एकच कोरा कागद उरलाय आणि तो ते देत नाहीत. बऱ्याच विनवण्यांनंतर, आणि पत्नींच्या शिफारशीवरून, तो त्यांनी या गोष्टीच्या वाचकासाठी दिला. वस्तूच्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्हांला सांगायला नको. कपाटाच्या वरच्या फळीवर, वेष्टणासकट, बऱ्याच दिवसांपासून जे ठेवलंय ते. किंवा दोन गल्ल्या सोडून जे कुणी राहतंय ते. मंजुरीची सही तुमचीच आहे, दुसऱ्या कुणाची लागत नाही.

काय म्हणता? आत्ता नको, जरा निवांत झालात की भरू? बरं, हरकत नाही. घडी घालून नीट ठेवून द्या. कोरा आहे तोवर तो काही संपत नाही.